चाकणच्या कारखान्यात मुलाखत : सोबत काय न्यावे आणि काय घरीच ठेवावे?

वाळूजचा_पदविकाधारक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली असून गेली चार वर्षे वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करत आहे. येत्या बुधवारी सकाळी साडेदहा वाजता चाकण येथे वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात माझी मुलाखत आहे. पद गुणवत्ता अभियंत्याचे आहे. त्यांच्या ई-मेलमध्ये ‘सर्व आवश्यक कागदपत्रे सोबत आणावीत’ आणि ‘मुलाखतीनंतर शॉप फ्लोअरवर (कारखान्यात यंत्रे चालतात त्या भागात) फेरी होईल’ एवढी दोनच वाक्ये आहेत. पहिली नोकरी मला महाविद्यालयात आलेल्या कंपनीकडून मिळाली होती, त्यामुळे दुसऱ्याच्या कारखान्याच्या दारात उमेदवार म्हणून उभे राहण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे.

घरात मात्र सल्ल्यांची कमतरता नाही. वडिलांच्या मते दहावीपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रे जवळ असलीच पाहिजेत, आणि त्यासाठी त्यांनी कपाटातली जुनी फाइल आधीच काढून ठेवली आहे. आईने धपाट्यांचे पीठ मळायची तयारी ठेवली आहे. आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवले की मी हाताळलेल्या भागांची ड्रॉइंग्ज, एखादा नियंत्रण आराखडा (कोणते माप कधी व कसे तपासायचे याचा तक्ता) आणि तक्रार-निवारणाचे दोन-तीन अहवाल पेन ड्राइव्हवर घेऊन जावे, म्हणजे ‘नुसते बोलण्यापेक्षा काम दिसेल’. एका मित्राने स्वतःचा व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) न्यायलाही सांगितले आहे. मला हे सगळे घेऊन गेलो तर लग्नाला निघाल्यासारखे दिसेल, आणि नाही नेले तर ऐन वेळी एखादा कागद कमी पडेल, अशी धास्ती वाटते.

मंगळवारी संध्याकाळी मी मोशीला मावसभावाकडे मुक्कामाला पोहोचेन, त्यामुळे मोठी बॅग तिथे ठेवता येईल. प्रत्यक्ष कारखान्यात हातात काय असावे, खिशात काय असावे आणि काय मुळीच असू नये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

हिंजवडीकर

एवढा विचार कशासाठी करता? आता सगळे मोबाइलमध्ये असते. डिजिलॉकरमधील गुणपत्रिका, ई-मेलमधील पगारपत्रके आणि बायोडेटाची पीडीएफ एवढे असले की पुरे. गेल्या तीन मुलाखतींना मी एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात छत्री एवढेच घेऊन गेलो आहे, आणि कोणीही कागद मागितला नाही.

मनुष्यबळ_विभागातून

हिंजवडीकरांचे म्हणणे त्यांच्या क्षेत्रापुरते खरे असेलही, परंतु प्रश्न चाकणच्या कारखान्याचा आहे, आणि तिथे मोबाइल बहुधा फाटकावरच राहतो. काही ठिकाणी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून फोन आत नेऊ देतात. जिथे ग्राहकाच्या नव्या गाडीचे भाग तयार होत असतात तिथे तो सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये जमा करून टोकन घ्यावे लागते. डिजिलॉकरमधून मिळालेले कागदपत्र २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदपत्राच्या बरोबरीचे मानले जाते हे खरे, पण फोनच केबिनमध्ये असेल तर त्या बरोबरीचा तुम्हाला काय उपयोग? तेव्हा कागद छापूनच न्यावेत.

मी अकरा वर्षे अशाच एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात आहे. ‘सर्व आवश्यक कागदपत्रे’ हे वाक्य आम्हीच लिहितो, आणि ते लिहिताना आमच्याही डोक्यात नेमकी यादी नसते, हे येथे मान्य करून टाकते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी लागतात ती कागदपत्रे थोडीच असतात. तुम्ही त्यांना पाठवलेल्याच बायोडेटाच्या तीन प्रती घ्याव्यात. नंतर सुधारलेली आवृत्ती नेऊ नये, कारण समोरच्यांच्या हातात जुनी आणि तुमच्या हातात नवी असली की तारखा जुळत नाहीत आणि विनाकारण संशय निर्माण होतो. पदविकेच्या अंतिम वर्षाची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, दहावीची गुणपत्रिका, सध्याच्या कंपनीचे नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके आणि शेवटच्या पगारवाढीचे पत्र यांच्या झेरॉक्स प्रती पुरतात. खासगी कारखान्यात राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाची गरज नसते; मागितलेच तर प्रतीवर स्वतःची सही करून द्यावी. भविष्य निर्वाह निधीचा बारा अंकी यूएएन क्रमांक आणि मुलाखतीला बोलावणाऱ्या व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. फोन जमा झाल्यावर ‘कोणाला भेटायचे आहे?’ या रक्षकाच्या प्रश्नाला उत्तर देता न येणारे उमेदवार मी दर महिन्याला पाहते.

फाटकावर ओळखपत्र लागतेच. तिथे आधारची झेरॉक्स देण्याची वेळ आली तर शेवटचे चारच अंक दिसणारी, म्हणजे मास्क केलेली प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. त्या वहीत आणि त्या खोक्यात पडलेल्या प्रतींचे पुढे काय होते, हे आम्हालाही सांगता यायचे नाही.

आता वडिलांच्या फाइलविषयी. त्यांची काळजी योग्य आहे, म्हणून मूळ कागदपत्रे मोशीपर्यंत जरूर न्यावीत. पण मुलाखतीला नेलीच तर दाखवून परत पिशवीत ठेवावीत, ‘पडताळणीसाठी दोन दिवस राहू द्या’ असे कोणी म्हटले तरी सोपवू नयेत. माझ्या पहिल्या नोकरीत, कंपनीचे नाव सांगत नाही, माझी मूळ गुणपत्रिका ‘दोन दिवसांसाठी’ घेतली गेली आणि मी राजीनामा दिल्यावर तीन महिन्यांनी हातात पडली. तेव्हापासून मी स्वतः उमेदवारांची मूळ कागदपत्रे टेबलावरून हलू देत नाही. तसेच निवडीसाठी अनामत, गणवेश किंवा वैद्यकीय तपासणीच्या नावाने कोणी पैसे मागितले तर तिथून निघावे. भाड्याहून अधिक रोकड सोबत नेण्याचे काही कारण नाही.

व्हर्नियर_काका

मी भोसरी आणि चाकण या भागात एकूण चौतीस वर्षे गुणवत्ता विभागात काढली आणि त्यातली शेवटची पंधरा मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून काढली. वरच्या प्रतिसादातील कागदपत्रांच्या यादीत मला भर घालायची नाही. मला बोलायचे आहे ते त्या पेन ड्राइव्हविषयी, कारण तुमच्या संपूर्ण प्रश्नात धोक्याची गोष्ट तेवढी एकच आहे आणि ती तुम्ही धपाटी आणि व्हर्नियर यांच्या मध्ये ठेवली आहे.

साधारण आठ वर्षांपूर्वी एक अतिशय हुशार मुलगा माझ्यासमोर आला होता. मोजमाप, सांख्यिकीय नियंत्रण, दोषाच्या मुळाशी जाण्याची पद्धत, सगळे त्याला नीट येत होते. शेवटी मी सहज विचारले की एखाद्या कठीण भागाबद्दल सांगा, तेव्हा त्याने उत्साहाने फाइलमधून एक ड्रॉइंग काढून माझ्यासमोर पसरले. खालच्या कोपऱ्यातील चौकटीत त्याच्या कंपनीचे नाव होते, तिच्या ग्राहकाचे नाव होते आणि प्रतीवर नियंत्रित प्रत असल्याचा लाल शिक्का होता. मी ते ड्रॉइंग न वाचता पालथे घातले. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते की आपले काय चुकले हे त्याला कळलेले नाही. आम्ही त्याला घेतले नाही, आणि त्याचे कारण त्याला कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. कारण साधे होते : जो आज त्यांचा कागद माझ्यासमोर पसरतो, तो दोन वर्षांनी माझा कागद दुसऱ्या कोणासमोर पसरणार.

तुमच्या नेमणूकपत्रात गोपनीयतेचे कलम असेल. ते आज रात्री काढून वाचावे. ड्रॉइंग, नियंत्रण आराखडा, तक्रारीचे अहवाल, तपासणीची पाने ही तुम्ही भरलेली असली तरी तुमची नाहीत. नावाची चौकट कापून काढली किंवा मोबाइलवर फोटो घेतला तरी फरक पडत नाही. या पट्ट्यात सगळेच एकमेकांचे पुरवठादार किंवा प्रतिस्पर्धी असतात आणि भागाचा आकार पाहूनच तो कोणाच्या गाडीचा आहे हे समोरचा ओळखतो. शिवाय पेन ड्राइव्ह फाटकावरच्या झडतीत सापडला तर मुलाखत सुरू होण्यापूर्वीच तुमच्याविषयी एक मत तयार झालेले असते. तुमचे सहकारी वाईट हेतूने बोलले नसतील, पण हा सल्ला पाळू नये. सध्याच्या कंपनीचे ओळखपत्र, गणवेश आणि कंपनीचा लॅपटॉप यांनाही हेच लागू आहे. (बायोडेटा कार्यालयातल्या प्रिंटरवर छापू नये हे सांगायला नको, पण चौतीस वर्षांत मी त्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये विसरलेले बरेच बायोडेटा पाहिले आहेत.)

मग काम दाखवायचे कसे? एक कोरी वही आणि पेन्सिल न्यावी. मोशीला पोहोचल्यावर रात्री बसून तुम्ही सोडवलेला एक प्रश्न स्वतःच्या शब्दांत एका पानात मांडून पाहावा : बोअरचा, म्हणजे भागातील गोल छिद्राचा, व्यास हळूहळू मोठा येत होता, तो कोणाच्या आणि कसा लक्षात आला, तुम्ही आधी गेजवर (मोजण्याच्या साधनावर) संशय घेतला की मशीनवर, टूलच्या झिजेपर्यंत कसे पोहोचलात, आणि उपाय टिकला हे कशावरून ठरवलेत. ग्राहक, भागाचा क्रमांक आणि नेमके आकडे गाळूनही हे सगळे सांगता येते. एखाद्या साध्या बुशचे (पोकळ नळीसारख्या भागाचे) रेखाचित्र काढून त्यावर बोट ठेवून बोललात तर ऐकणाऱ्याला तुमच्या ड्रॉइंगची आठवणही होणार नाही. आणि ते पान मोशीलाच ठेवावे. ते मनात बसलेले असेल तर कागदाची गरज उरत नाही.

व्हर्नियर नेऊ नये. कॅलिब्रेशनचा, म्हणजे अचूकता तपासल्याचा, स्टिकर नसलेले साधन कोणत्याही शिस्तीच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर चालत नाही, आणि गुणवत्तेचाच उमेदवार ते खिशात घेऊन आलेला पाहून मला तरी हसू आले असते. ते त्यांचा व्हर्नियर देतील. भाग आधी पुसावा, जबडे मिटवून शून्य त्रुटी पाहावी, लघुतम माप (त्या साधनाने मोजता येणारे सर्वांत लहान अंतर) स्वतः वाचून खात्री करावी (बहुतेक साध्या व्हर्नियरचे ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरचे ०.०१ मिलिमीटर असते, पण गृहीत धरू नये) आणि मगच मोजावे. आम्ही वाचनाच्या आकड्याआधी हे पाहत असू. चष्मा लागत असेल तर तो मात्र विसरू नये. ‘सर, चष्मा बॅगेत राहिला’ असे म्हणत डोळे बारीक करून पट्टीवरच्या रेघा जुळवणारे दोघे माझ्या पक्के लक्षात आहेत.

रांजणगावची_अभियंता

काकांनी मूळ मुद्दा सांगितला आहे, म्हणून मी फक्त पेहरावाविषयी लिहिते. ‘शॉप फ्लोअरवर फेरी होईल’ या वाक्याचा अर्थ तुम्ही पाय झाकणाऱ्या बुटांत यावे असा आहे, परंतु ते कोणी लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी मी अशाच मुलाखतीला पुढून उघड्या चपला घालून गेले होते, तेव्हा बाकी सगळे उमेदवार आत गेले आणि मी स्वागतकक्षात भिंतीवरची सुरक्षाधोरणाची पाटी पाठ करत बसले. त्या फेरीत त्यांनी विचारलेले प्रश्न मला चहाच्या वेळी इतरांकडून कळले.

बूट रोजच्या वापरातले, पॉलिश केलेले आणि रबरी तळाचे असावेत. तेलकट फरशीवर गुळगुळीत चामडी तळ घसरतो, आणि नवे बूट दुपारपर्यंत टाचा सोलतात. अंगठी, हातातले कडे, साखळी हे सगळे मोशीलाच काढून ठेवावे. फिरत्या यंत्राजवळ ते अडकते आणि तयार पृष्ठभागावर ओरखडे उठवते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ते काढायला लावतातच आणि मग सोन्याची अंगठी कागदाच्या पुडीत बांधून खिशात सांभाळत बसावे लागते. मनगटावर देवाचा दोरा असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण बाही बटण लावलेली असावी. हा धागा वाचणाऱ्या मुलींसाठी सांगते की मोकळी ओढणी आणि मोकळे केस फाटकापर्यंतच ठीक. आत जाताना केस बांधून ओढणी पिशवीत ठेवावी लागते, त्याऐवजी कुर्ता आणि जाकीट बरे.

पाऊस आहे, तेव्हा मोज्यांचा एक जादा जोड आणि कागदांवर प्लास्टिकचे आवरण हवे. खिशात काडेपेटी, लायटर, तंबाखूची पुडी यांतले काही असेल तर ते चाकणच्या अलीकडेच संपवावे किंवा टाकावे.

वाळूजचा_पदविकाधारक

सर्वांचे मनापासून आभार. काका, आपला प्रतिसाद वाचल्यावर पेन ड्राइव्हमधील सर्व फाइल पुसून टाकल्या आणि नेमणूकपत्र काढून वाचले. कलम तिथे आहे, आणि ते मी चार वर्षांपूर्वी न वाचताच सही केलेले दिसते. आता एक शंका उरते. माझ्या बायोडेटात ‘सीएमएम यंत्र चालवण्याचा अनुभव’ असे लिहिलेले आहे (सीएमएम म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमनुसार भागाची मापे घेणारे यंत्र). प्रत्यक्षात मी ते यंत्र सहकाऱ्याच्या शेजारी बसून पाहिले आहे आणि तयार प्रोग्रॅम दोन-चार वेळा चालवला आहे. पाठवलेलीच प्रत न्यायची असेल तर या ओळीचे काय करावे?

व्हर्नियर_काका

ती ओळ कागदावर तशीच राहू द्यावी, पण विषय निघाल्याबरोबर आपण होऊन सांगावे की तयार प्रोग्रॅम चालवता येतो, नवा लिहिता येत नाही. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये. मी असे सांगणाऱ्या उमेदवाराला पुढचा प्रश्न नेहमी त्याच्या आवडीच्या साधनावर विचारत असे. जो हे सांगत नाही, त्याला आम्ही यंत्रासमोर उभा करतो.

मनुष्यबळ_विभागातून

मोशीहून निघताना अंतर पाहून वेळ ठरवू नका. नाशिक रस्त्यावर चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी कंटेनरची रांग लागली की थोडे अंतर कापायलाही तास जातो, आणि फाटकावर नोंद, टोकन, सुरक्षेची चित्रफीत यांत आणखी वीस मिनिटे जातात. धपाटी मात्र जरूर न्यावीत. डबा आत चालत नाही, पण अशा मुलाखती साडेदहाच्या सांगून दीडला सुरू होतात, म्हणून नऊच्या सुमारास बाहेरच खाऊन घ्यावे.

वाळूजचा_पदविकाधारक

मुलाखत झाली, म्हणून कळवतो.

फोन फाटकावर जमा झाला आणि रक्षकाने खरोखरच पहिला प्रश्न ‘कोणाकडे?’ असा विचारला. मी खिशातली चिठ्ठी काढली. माझ्या मागे उभ्या असलेल्या उमेदवाराला फोन परत मागून नाव शोधावे लागले. हातात एक पातळ फोल्डर, वही, पेन्सिल आणि चष्मा एवढेच होते. वडिलांची फाइल मोशीला मावसभावाच्या कपाटात राहिली आणि तिची गरज पडली नाही. पगारपत्रके आणि नेमणूकपत्राच्या प्रती मात्र त्यांनी ठेवून घेतल्या.

टेबलाशी तिघे होते, त्यामुळे बायोडेटाच्या तिन्ही प्रती लागल्या. सीएमएमविषयी मी स्वतःच सांगितले, तेव्हा त्यातील एकांनी बायोडेटावर पेनाने काहीतरी लिहिले; ते माझ्या बाजूचे की विरुद्ध, हे मला कळले नाही. त्यानंतर सध्याच्या कंपनीत तुम्ही कोणाचे भाग तपासता, ग्राहकाची तक्रार आली होती का आणि ती किती भागांची होती, असे प्रश्न आले. मी भागाचे नाव न घेता बोअरचा किस्सा वहीत चित्र काढून सांगितला आणि आकडे सांगता येणार नाहीत असे म्हणालो. त्यावर मधल्या गृहस्थांनी ‘ठीक आहे’ एवढेच म्हणून पुढचा प्रश्न विचारला.

फेरीत त्यांनी एक बुश आणि व्हर्नियर हातात दिला. भाग रुमालाने पुसला, जबडे मिटवून पाहिले, तर शून्य जुळत नव्हते. मी तसे सांगितल्यावर फेरी दाखवणाऱ्या अभियंत्याने तो व्हर्नियर परत घेऊन खिशातून दुसरा काढून दिला. पहिला मुद्दामच दिला होता का, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

उत्तर पंधरा दिवसांत कळवू असे म्हणाले आहेत. धपाटी मी आणि रिक्षावाल्याने चाकणच्या स्टँडसमोर, कंटेनर हलण्याची वाट पाहत, संपवली.